विहिरीचं पाणी (भाग 7): आखाड्यावरची विहीर कोण तपासणार?

परभणीहून पूर्णेकडे जाताना रेल्वेमार्गावर पिंगळी लागते. तिथे जुनी दगडी बारव आहे. बारवांच्या बांधणीचं आज सगळीकडे कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण पायऱ्यांनी थेट पाण्यात उतरण्याची सोय एका रोगाच्या पथ्यावर पडली होती. नारू झालेला माणूस पाण्यात पाय बुडवी, फोडातून अळ्या सुटत, त्या पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने नारू बाहेर पडे. देशातल्या नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. फडक्याने पाणी गाळणं, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घालून वरून पाणी शेंदणं अशा साध्या उपायांनी हा रोग हटला. शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला. ज्या पाण्यातून नारू पसरला, ते पाणी दिसायला अनेकदा नितळच असे.

गावच्या सार्वजनिक विहिरीला आज निदान वाली आहे. जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आखाड्यावरच्या विहिरीला असं कार्ड नाही. सालगड्याचं कुटुंब, कापूस वेचायला आलेल्या बाया, सुट्टीत आलेली नातवंडं सगळी तिचंच पाणी पितात. मोटार जळाली तर आपण त्याच दिवशी तालुका गाठतो. पाण्याची बाटली घेऊन मात्र कुणी निघत नाही. हे बदलायला हवं, आणि ते मालकानेच करायचं आहे.

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मुरमातून आणि पाषाणाच्या भेगांतून पाणी झपाट्याने वाहतं, वाळूतल्यासारखं गाळलं जात नाही. त्यामुळे गोठ्याचा निचरा, उकिरडा, संडासाचा शोषखड्डा यांचं पाणी पहिल्या मोठ्या पावसात विहिरीपर्यंत पोहोचू शकतं. हे सारं विहिरीपासून निदान 15 मीटर दूर आणि उताराच्या बाजूला हवं.

यातून दोन वेगवेगळे धोके येतात. जंतू उकळल्याने मरतात. नायट्रेट मात्र उकळल्याने जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. ते युरियातून येतं, तसंच शेणामुतातूनही येतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत ती ओलांडलेली होती, आणि जास्त बाधित जिल्ह्यांच्या यादीत आपले शेजारी नांदेड आणि बीड होते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1945 मध्ये डॉ. हंटर कॉम्ली यांनी शेतातल्या विहिरींच्या पाण्यात कालवलेलं दूध प्यायलेली तान्ही बाळं निळी पडल्याची नोंद केली. कारण नायट्रेटच होतं. घरात वरच्या दुधावरचं बाळ असेल, तर विहिरीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ते पाणी त्याला देऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅन चालतो. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी, मोटार काही मिनिटं चालवून मग ती भरावी आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. घरच्या घरी अंदाज हवा असेल तर एच-टू-एसची बाटली आहे: पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली तर पाण्यात मैला मिसळला असण्याची दाट शक्यता. ही पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडली. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तपासणी केली तर विहिरीचा स्वभाव कळतो. रिपोर्ट सातबाऱ्यासोबत जपून ठेवा.

टीसीएल अंदाजाने टाकू नका. 1,000 लिटरला अडीच ग्रॅम, हे माप. विहिरीचा व्यास 6 मीटर आणि पाणी 3 मीटर खोल असेल, तर साधारण 85,000 लिटर पाणी भरतं. त्याला सव्वादोनशे ग्रॅमच्या आत पावडर पुरते. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी तेवढी विहिरीत सोडा आणि ढवळा. खालचा चुना टाकला तर पाणी जड होतं. हे संध्याकाळी करावं, म्हणजे रात्रभर कुणी शेंदत नाही. सकाळी ओटी टेस्ट करा: पिवळी झाक आली तर क्लोरीन शिल्लक आहे.

कठड्याच्या फटी बुजवणं, भोवतीचा ओटा बाहेरच्या बाजूला उतरता करणं ही कामं गवंडी एका दिवसात करतो. गाळ उन्हाळ्यात, पाणी तळाला गेल्यावर काढतात, आणि इथेच जीव जातात. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. आधी कंदील सोडून पाहण्याची रीत आहे, पण हा वायू कंदिलाला कळत नाही. खाली उतरलेला माणूस कोसळला, तर त्याच्या मागे लगेच दुसऱ्याने उतरू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर असावा आणि वर निदान दोघं तो धरून उभे असावेत.

पुढच्या आठवड्यात: बोअरचं पाणी आणि फ्लोराइड.