जुन्या कॅटमरानचं भोक बुजवताना

कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी ऑल्टरने १९६० च्या दशकाच्या अखेरीस किनाऱ्यावरून थेट लाटांत ढकलता येईल अशी छोटी शिडाची कॅटमरान बाजारात आणली. तिच्या पाठोपाठ आलेली ‘होबी १६’ सुमारे पाच मीटर लांबीची आणि दीडशे किलोच्या आतली. जगभर ती लाखाच्या वर खपली. त्यामुळे तीस-चाळीस वर्षं जुनी होबी आजही स्वस्तात मिळते. घेणाऱ्याला सल्लेही फुकट मिळतात, आणि त्यांतल्या काहींनी चांगली बोट कायमची बाद होते.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे ‘भोक दिसतंय तेवढं बुजवलं की झालं’. होबी १६ चे दोन्ही हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पोकळ भाग, सँडविच पद्धतीचे आहेत: बाहेर फायबरग्लासची पातळ कातडी, मध्ये फोम, आत पुन्हा कातडी. बोटीची ताकद या तिन्हींच्या एकमेकांना चिकटून राहण्यात असते. दगडावर आपटून बाहेर रुपयाएवढं भोक पडलं, तरी त्याच्याभोवती वीतभर भागात कातडी फोमपासून सुटलेली असू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतं. नाण्याने ठोकत जा. धड भागातून टणक आवाज येतो, सुटलेल्या भागात तो एकदम बद्द होतो. तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि पुढे सरकायचं. पूर्ण नकाशा झाल्याशिवाय ग्राइंडरला हात लावू नये. डेकवर, विशेषतः पुढच्या आडव्या बीमचे खांब उतरतात तिथे, अंगठ्याने दाबलं की पृष्ठभाग खाली जात असेल तर दुखणं जुनं आहे. डेकचा असा मऊ पडलेला भाग थोडाच असेल तर इलाज आहे. फक्त वरच्या कातडीला बारीक भोकं पाडायची आणि सिरिंजने पातळ इपॉक्सी भरत जायची. शेजारच्या भोकातून ती वर आली की पुढच्या भोकाकडे वळायचं. मात्र आतला भाग आधी कोरडा हवा. ओल्या फोमवर इपॉक्सी नीट धरत नाही, आणि वरून बंद केलं की ते पाणी आतच कोंडतं.

दुसरा सल्ला असा की बोट पॉलिएस्टर रेझिनची, म्हणून दुरुस्तीही पॉलिएस्टरनेच करायची. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण पूर्ण कडक झालेल्या जुन्या पॉलिएस्टरमध्ये नव्या थराशी रासायनिक नातं जोडायला फारसं काही उरलेलं नसतं, सगळी भिस्त घासून केलेल्या खरखरीतपणावर येते. चिकटण्यात इपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी सरस आहे. कोकणात फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर पॉलिएस्टर आणि मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चादर) सराईतपणे वापरतात, पण ते काम बहुतेक वेळा जाड, भरीव तळाचं असतं. तीच मॅट उचलून इपॉक्सीत घालू नये. नेहमीच्या मॅटचे तुकडे धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून इपॉक्सीसाठी विणलेलं कापडच घ्यावं.

ठिगळ चिकटतं ते उतरत्या कडेवर. कातडी दोन मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चहूबाजूंनी त्याच्या बारापट, म्हणजे २४ मिलिमीटर रुंद उतार घासून काढायचा. पाच सेंटिमीटरच्या भोकाला जवळजवळ दहा सेंटिमीटरचं ठिगळ लागतं. आधीच फुटकी बोट आणखी खरवडायची म्हटलं की नवखा माणूस कचरतो आणि काठ उभेच ठेवून पुट्टी भरतो. अशी पुट्टी पहिल्या जोरदार लाटेत डबीच्या झाकणासारखी निखळते.

‘हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं’ हे पॉलिएस्टरच्या बाबतीत काही मर्यादेत खरं आहे. इपॉक्सीत मात्र रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात. जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि थर मऊ राहतो. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थरही येतो. तो साध्या पाण्याने चोळून धुवावा, मगच पॉलिश पेपर मारावा. आधीच घासलं तर तो थर पृष्ठभागात भिनतो आणि पुढचा हात धरत नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि घासताना मास्क हवाच, काचेची धूळ छातीत जाते.

हलमध्ये पाणी येतंय म्हणून दिसेल ते भोक बुजवणारेही भेटतात. त्यात एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, हवेसाठी. उन्हात तापलेली बोट पाण्यात शिरली की आतली हवा आकसते. तिला वाट नसेल तर ती प्रत्येक कमकुवत सांध्यातून पाणी ओढून घेते. गळती शोधायची तर हे छिद्र तात्पुरतं चिकटपट्टीने बंद करावं, मागच्या बुचाच्या भोकातून तोंडाने हलकी हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावावं. बुडबुडे जागा दाखवतात. काँप्रेसर लावला तर धड सांधेही उघडतील.

वाळूत घासून झिजलेल्या खालच्या कडेकडे लोक सौंदर्याचा प्रश्न म्हणून बघतात. होबी १६ ला खाली सोडायची फळी नाही. वाऱ्याच्या रेट्याने बोट आडवी सरकू नये म्हणून तिचे हलच बाहेरून सपाट आणि आतून फुगीर घडवले आहेत. ती कड नुसता जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत थर, फासून गुळगुळीत करू नये. कापडाचे थर देऊन मूळ धार परत आणावी, आणि यापुढे बोट वाळूतून ओढण्याऐवजी रुंद चाकांच्या गाड्यावर न्यावी.