जीवशास्त्राची पदवी : व्यापारी कुटुंबांनी विचारात घ्यावयाच्या काही गोष्टी

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की आमच्या पेढीवर आठ-पंधरा दिवस मालाच्या भावाइतकीच चर्चा मुलांच्या प्रवेशाची चालते. ज्यांची मुले वाणिज्य शाखेकडे जावयाची असतात त्यांस फारसे विचारावयाचे नसते, कारण तो मार्ग आपल्या समाजास परिचित आहे. परंतु एखाद्या मुलाने वा मुलीने विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेतले असेल व वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला नसेल, तर त्या घरातील वडीलधारी मंडळी चिंतातुर होऊन येतात. त्यांचे प्रश्न बहुधा तीनच असतात. डॉक्टर होता आले नाही, तर आता हा विषय शिकून काय उपयोग? या शिक्षणात जीवहिंसा घडते, ती आपल्या घरास कशी चालावी? आणि शेवटी, यात पोटापाण्याची सोय काय? या तीन प्रश्नांचा यथाशक्ति विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा लेख लिहिण्यास आणखी एक कारण आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या एका स्नेह्यांची कन्या जीवशास्त्रात उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाली होती व त्याच विषयाची पदवी घेण्याची तिची इच्छा होती. त्या काळी बेडूक, झुरळ, उंदीर यांचे विच्छेदन प्रात्यक्षिकाचा आवश्यक भाग असे. स्नेह्यांनी आमचा सल्ला विचारला. आम्ही कोणत्याही प्राध्यापकास न भेटता, अभ्यासक्रमाचा कागद हाती न घेता, 'आपल्यात हे बसत नाही, वाणिज्य शाखेस घाला' असे सांगून मोकळे झालो. मुलीने वडिलांचा शब्द मानला. पुढे तिचे सर्व यथासांग झाले. परंतु झाडाझुडपांविषयी बोलताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आजही दिसतो, तो पाहिला की आपण विचार न करता सल्ला दिला याची खंत वाटते. तसे आमच्याकडून पुन्हा होऊ नये व इतरांकडूनही होऊ नये, अशी इच्छा आहे.

प्रथम या विषयात शिकवितात काय, ते पाहू. जीवशास्त्र म्हणजे वनस्पतींची व प्राण्यांची नावे पाठ करणे, अशी सामान्य समजूत आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात शेवाळापासून सपुष्प वनस्पतींपर्यंत व एकपेशीय जीवांपासून सस्तन प्राण्यांपर्यंतचे वर्गीकरण असते हे खरे. परंतु तो केवळ आरंभ होय. त्यापुढे पेशीची रचना, अनुवंशशास्त्र, जीवरसायन, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, उत्क्रांती व परिसरविज्ञान हे विषय येतात. पाठशाळेत आपली मुले एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचा जीवांचा क्रम शिकतात. विद्यापीठातील वर्गीकरण शरीररचना व वंशसंबंध या कसोट्यांवर उभे असते. पहिल्याचा हेतू आचरण शुद्ध राखणे हा आहे, तर दुसऱ्याचा हेतू सृष्टीची घडण समजून घेणे हा आहे. एकाची परीक्षा दुसऱ्याच्या मापाने घेऊ नये, म्हणजे मुलाच्या मनात नसता गोंधळ उत्पन्न होत नाही.

प्रात्यक्षिकाचे एक उदाहरण देतो. पेशी कशी विभागते हे पाहण्यासाठी बहुतेक महाविद्यालयांत कांद्याच्या मुळाचा उपयोग करितात. कांदा पाण्यावर ठेवला की थोड्याच दिवसांत त्यास पांढरी मुळे फुटतात. त्यांची टोके कापून मद्यार्क व ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात ठेवितात, मग रंग देऊन, काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मुळाच्या टोकाशी वाढ सतत चालू असल्याने विभागणीच्या निरनिराळ्या अवस्था एकाच काचपट्टीवर दृष्टीस पडतात. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, माणसाच्या पेशीत ४६. तरीही कांद्याच्या पेशीतील एकंदर डीएनए माणसाच्या सुमारे पाचपट भरतो. ज्या घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घरातील मुलास आपले पहिले गुणसूत्र बहुधा कांद्यातच दिसावयाचे, हा योग मोठा मौजेचा आहे. ज्यांस तेही नको असेल, त्यांनी प्राध्यापकांस आधी विचारावे; बाकल्याच्या मोड आलेल्या बियांच्या मुळांवरही हेच प्रात्यक्षिक उत्तम होते.

आता हिंसेचा प्रश्न. येथे परिस्थिती पुष्कळ पालटली आहे व ती आपल्या समाजात अनेकांस ठाऊक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, आणि २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर या दोन्ही स्तरांवर प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून विच्छेदन करून घेऊ नये असे ठरविले. सांप्रत प्रतिकृती, चित्रफिती व संगणकावरील आभासी विच्छेदन यांच्या साहाय्याने तो भाग शिकविला जातो. म्हणजे ज्या कारणास्तव आम्ही त्या मुलीस परत फिरविले, ते कारण आज पदवीच्या वर्गात उरलेले नाही.

तथापि या शिक्षणात हिंसेचा लवलेशही नाही, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अनुवंशशास्त्राच्या प्रयोगांत फळमाश्या वापरतात. सूक्ष्मजीवशास्त्रात जिवाणू वाढवितात व काम झाल्यावर ते १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत, दाबाखाली, नष्ट करितात. तसे न केल्यास रोग फैलावण्याचे भय असते. संग्रहालयात जुने प्राणी औषधी द्रवात ठेवलेले दिसतात. संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी हे हिंसेचे चार भेद आपण व्याख्यानांतून ऐकत आलो आहोत. धान्याच्या वखारीत कीड लागू नये म्हणून धुरी देणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांस हे भेद केवळ पोथीतले नाहीत. यातील काय आपणास चालेल व काय चालणार नाही, याचा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या गुरुजनांस विचारून करावा. परंतु तो खरी माहिती घेऊन करावा. ज्यांस प्राण्यांचा संबंधच नको, त्यांस वनस्पतिशास्त्राचा मार्ग मोकळा आहे.

पहिल्या प्रश्नाकडे वळू. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले व देशातील एम. बी. बी. एस.च्या जागा एक लाखाहून थोड्या अधिक होत्या. म्हणजे जीवशास्त्र शिकलेल्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी डॉक्टर होणार नाहीत, हे उघड आहे. तेव्हा पदवीचे पहिले वर्ष पुढील 'नीट'साठी बसण्याची जागा समजून प्रवेश घेणे हा तोट्याचा व्यवहार होय. अशा विद्यार्थ्याचे चित्त ना परीक्षेत लागते ना वर्गात. पुन्हा परीक्षा द्यावयाची तर ती मर्यादा ठरवून द्यावी; आणि पदवी घ्यावयाची तर ती त्या विषयासाठीच घ्यावी.

या विषयाचा व्यापाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. भुईमुगाचेच उदाहरण घ्या. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. शोध करता करता कारण सापडले ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. पेंडीवर वाढलेल्या एका पिवळट हिरव्या बुरशीने विष निर्माण केले होते; त्यास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. १९७४ साली गुजरात व राजस्थान यांच्या सीमेवरील खेड्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृताचा विकार पसरून शंभराहून अधिक माणसे दगावली. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्याचा छडा लावला. आज परदेशी शेंगदाणा पाठविणाऱ्यास या विषाच्या तपासणीचा दाखला द्यावा लागतो. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यास एका किलोमागे अवघे ४ मायक्रोग्रॅम, एवढीच मर्यादा आहे. माल ओला भरला, वखारीत ओल राहिली, तर भाव कितीही चांगला असो, माल परत येतो. ही बुरशी केव्हा वाढते, कशाने थांबते, नमुना कसा घ्यावा, हे जाणणारा मनुष्य सूक्ष्मजीवशास्त्रातूनच तयार होतो.

सोयाबीनचा व्यापार करणाऱ्या आमच्या बंधूंस 'एमएसीएस' ही अक्षरे असलेली वाणे परिचित आहेत. ती अक्षरे 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेची होत. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने ती १९४६ साली पुण्यास स्थापन झाली व आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. आपल्या गादीवर येणाऱ्या पोत्यामागे अशा अभ्यासकांचे वर्षानुवर्षांचे श्रम असतात.

उपजीविकेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. केवळ तीन वर्षांच्या पदवीवर मिळणारी नोकरी बहुधा बेताची असते. औषधांच्या व खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतील गुणवत्ता-तपासणी, रोगनिदान प्रयोगशाळा, बियाणे कंपन्या येथे सुरुवात होते. बी. एड. केल्यास शिक्षकाचा मार्ग आहे. भारतीय वन सेवेच्या परीक्षेस वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे दोन्ही पदवीविषय मान्य आहेत. परंतु या विषयाचे खरे फळ पदव्युत्तर शिक्षणानंतर मिळते. एम. एस्सी.ची दोन वर्षे, व संशोधन करावयाचे असल्यास पुढे आणखी चार-पाच वर्षे, असा हिशेब कुटुंबाने आरंभीच मांडावा. संशोधनाच्या काळात सी. एस. आय. आर.–यू. जी. सी. यांच्या 'नेट' परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळू शकते, त्यामुळे घरावर सर्व भार पडतोच असे नाही. हा दीर्घ मुदतीचा व्यवहार आहे. ज्यांस पहिल्याच वर्षी व्याज हवे, त्यांनी यात न पडलेले बरे.

संस्था निवडताना आपापल्या गावाबाहेरही पाहावे. पुण्यास २००६ पासून व भोपाळला २००८ पासून 'आयसर' ही राष्ट्रीय विज्ञान संस्था आहे. तिच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्राबरोबर रसायन, पदार्थविज्ञान व गणित यांचेही प्रश्न असतात. यास्तव जीवशास्त्र घेणाऱ्याने अकरावीतच गणित सोडून देऊ नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. आजचे जीवशास्त्र संख्याशास्त्र व संगणक यांवाचून पुढे जात नाही. गोव्यातील बंधूंच्या जवळ दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, हैदराबादेस पेशी व रेणू यांवर संशोधन करणारे केंद्र आहे, आणि बडोद्यास १९४९ पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे.

सीमाभागातील पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रात तीन वर्षांनंतर पदवी व चौथ्या वर्षी ऑनर्स अशी रचना आली आहे. कर्नाटकाने मात्र ती चार वर्षांची पद्धती २०२४ मध्ये मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली. बेळगावचा विद्यार्थी कोल्हापुरास गेला किंवा कोल्हापूरचा इकडे आला, तर वर्षांचा हिशेब बदलतो. प्रवेशापूर्वी त्या त्या विद्यापीठाच्या कार्यालयात चौकशी करावी.

शेवटी मुलींविषयी. कमला सोहोनी या इंदूरला जन्मल्या. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा स्त्री म्हणून त्यांस प्रथम नकार मिळाला व नंतर अटी घालून प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या जीवरसायनशास्त्रात मोठ्या मान्यतेस पोहोचल्या. त्यांच्या वाटेत संस्था आडवी आली होती. आपल्या मुलींच्या वाटेत आज बहुधा आपणच आडवे येतो. कधी विवाहाची घाई करून, तर कधी आम्ही केले तसा अर्धवट माहितीचा सल्ला देऊन.

यंदा त्याच स्नेह्यांची नात वनस्पतिशास्त्राच्या पदवीस प्रवेश घेत आहे. या वेळी सल्ला देण्यापूर्वी आम्ही तिच्यासह महाविद्यालयात गेलो, अभ्यासक्रम पाहिला, प्रयोगशाळा पाहिली व प्राध्यापकांस आमचे सर्व प्रश्न विचारले. अर्धा दिवस गेला, दुकान मुनीमजींनी सांभाळले. सभासद बंधू-भगिनींनी आपल्या मुलांसाठी एवढा वेळ अवश्य काढावा, हीच विनंती.