नेट स्लो की वायफाय स्लो? आधी हे शोधा

व्हिडिओ अडकला की घरात सगळ्यांचं एकच वाक्य असतं, "आपलं नेटच बेकार आहे." कधी कधी ते खरंही असतं. पण मित्रांचे आणि नातेवाइकांचे राउटर बघताना मला बऱ्याचदा उलटंच दिसतं. लाइन व्यवस्थित असते आणि गडबड असते ती राउटर आणि फोन यांच्यामधल्या दहा-पंधरा फुटांत.

म्हणून कस्टमर केअरला फोन लावायच्या आधी एक चाचणी करा. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. लॅपटॉप नसेल तर फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडून राउटरसमोर उभे राहा. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर तिथे ९०च्या आसपास येतंय आणि बेडरूममध्ये १०, तर कंपनीशी भांडून काही मिळणार नाही. (आणि हो, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट. डाउनलोडमध्ये १२ दिसलं म्हणून फसवलं असं समजू नका.)

मग जागा बघा. केबल टाकायला आलेला माणूस वायर जिथून आत येते तिथेच राउटर ठोकून जातो: दाराच्या मागे, नाहीतर टीव्ही युनिटच्या आत. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिश टँक, काँक्रीटची भिंत हे सगळे सिग्नलचे शत्रू. राउटर घराच्या मध्याकडे, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला असावा. आपल्याकडे मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यावर कव्हर घालायची हौस आहे. राउटरला तेवढं सोडा. त्याच्या जाळ्या झाकल्या की तो तापतो आणि उन्हाळ्यात दुपारी हँग व्हायला लागतो.

राउटरवर बहुतेक दोन बँड असतात. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोचतो, पण सोसायटीत तिथे भयंकर गर्दी असते. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मायक्रोवेव्हही त्याच फ्रिक्वेन्सीवर चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत आली की दमतो. राउटरच्याच खोलीतला टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर टाका, लांबच्या खोल्यांना २.४ ठेवा.

फायबर असेल आणि 'एलओएस'चा लाल दिवा लुकलुकत असेल तर रीस्टार्ट करत बसू नका, प्रकाशच पोचत नाहीये. ती बारीक वायर कपाटामागे दुमडली आहे का बघा, नाहीतर तक्रार नोंदवा. लाइट जाणाऱ्या भागात राउटरचा छोटा यूपीएस घ्या. ऑनलाइन परीक्षा किंवा इंटरव्ह्यूच्या दिवशी त्याचे पैसे वसूल होतात. फक्त अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड हे दोन वेगळे असतात. पहिला लोक बदलतात, दुसरा 'अ‍ॅडमिन'च राहतो. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने असे फॅक्टरीतले पासवर्ड वापरूनच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. राउटरमध्ये शिरलेला माणूस डीएनएस बदलून, तुम्ही बँकेचा पत्ता बरोबर टाकला तरी तुम्हाला खोट्या पानाकडे वळवू शकतो. मागच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये उघडून पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस बंद करा, फर्मवेअर अपडेट आहे का बघा.

हे करताना मागचं बारीक भोक पिनने दाबू नका. ते रीसेट आहे, रीस्टार्ट नाही. कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्डही त्यात पुसलं जाऊ शकतं, आणि मग माणूस येईपर्यंत मोबाइल डेटावर दिवस काढावे लागतात.