मुदतीतला दिवस

सकाळी ६.३०
पाटण. वकिलांचा कारकून ऑफिसचं शटर वर करतो. बांधावरच्या मारामारीत इथल्या कोर्टानं एका शेतकऱ्याला वर्षाची सजा दिलीय. अपील कराडच्या कोर्टात, मुदत ३० दिवस. तोवर जामीन आहे. निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळाली. साक्षींच्या नकलांना पैसे पडले.

७.१५
कागद ठोकून सारखे करायचे. दाभणानं भोक, मग दोरा. प्रत्येक पानावर नंबर. एक संच कोर्टाला, एक सरकारी वकिलांना, एक आपल्याला. पान चुकलं तर कोर्टात वकीलसाहेब अडकणार आणि बोलणी कारकून खाणार.

८.३०
कराडची एसटी. अशील, त्याची बायको, जामीन राहणारा मेव्हणा. बाईला अर्धं तिकीट, पुरुषांना पूर्ण. मेव्हण्याच्या सातबाऱ्याला ऑनलाइन १५ रुपये गेले. त्याचा आजचा रोज बुडाला तो वेगळा. मल्हारपेठेत गाडी भरते.

१०.१५
कराड कोर्ट. नोटरीकडे सही-अंगठा. वकीलपत्राला तिकिटं. चहा पाच, पैसे अशील देतो.

११.३०
फायलिंगची खिडकी. ‘४१ नंबरचं पान वाचता येत नाही.’ कारकून वाद घालत नाही. झेरॉक्स, दोन रुपये. दोरा सोडा, पान बदला, परत ओवा, परत रांगेत.

१.४५
बाररूममध्ये डबे उघडतात. एक ज्येष्ठ वकील ज्युरीच्या काळावर येतात. नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला, १९५९. नऊजणांची ज्युरी, आठांनी निर्दोष म्हटलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं. तिथं चूक सापडली ती न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा समजावून सांगितला त्यातच. जन्मठेप झाली, १९६१ साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. १९७३च्या फौजदारी संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. ‘तेव्हा जज ज्युरीला काय बोलला ते धरायचं,’ ते भाकरी मोडत म्हणतात, ‘आता जजनं निकालात काय लिहिलं ते धरायचं.’

३.४०
पुकारा होतो. वकीलसाहेब उभे राहतात. फिर्यादीत काठी, साक्षीत कुऱ्हाडीचा दांडा. निकालात या फरकावर एक ओळ नाही. कारकून मागून पान पुढं करतो. आज प्रश्न एवढाच, की अपील चालेपर्यंत सजा थांबवायची का. सरकारी वकील हरकत घेतात. सजा थांबते, जामीन कायम.

५.२०
जामीनपत्र. मेव्हण्याची सही तीन ठिकाणी, आधारची झेरॉक्स, फोटो. फोटो आणलेला नाही. कोर्टाबाहेरच्या दुकानात काढून घेतात.

६.४५
परतीच्या गाडीत कारकून वहीत खर्च मांडतो: टायपिंग, झेरॉक्स, तिकिटं, नोटरी. महिन्याचा पगार वकीलसाहेब देतात. आजचे वर ३०० अशिलाकडून.

‘भाऊ, पुढच्या तारखेला निकाल लागंल का?’
‘नाही दादा. त्या तारखेला पाटणच्या कोर्टातनं रेकॉर्ड आलंय का, एवढंच बघतील.’
‘मग आम्ही येऊ का?’
‘यावं लागतंय.’