फॉरमॅटनंतर नेमकं काय ‘नाही’?

मागच्या दोन-तीन व्याख्यानांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. लॅपटॉपची हार्ड डिस्क फॉरमॅट केली, विंडोज नव्याने टाकलं, आणि लॅपटॉपबरोबर कंपनीने दिलेलं सिनेमा-गाणी लावायचं सॉफ्टवेअर गेलं. ते परत कसं आणायचं? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे विचारण्यात काही गैर नाही. या प्रश्नात यंत्राचा भाग आहेच, पण लोक अडतात ते बहुधा ‘नाही’ या शब्दापाशी. ‘प्लेयर नाही’, ‘डीव्हीडी लागत नाही’, ‘आवाज नाही’. यातला प्रत्येक ‘नाही’ निराळा आहे आणि प्रत्येकाचा उपायही निराळा आहे. आज आपण तेवढंच नीट लावून घेऊ.

अभावाचे चार प्रकार

आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला. तर्कसंग्रह वाचलेल्यांना चार प्रकार आठवतील. घडा घडण्यापूर्वी जो त्याचा अभाव असतो तो प्रागभाव. घडा फुटल्यावर होतो तो प्रध्वंसाभाव. वायूला रूप कधीच नसतं, तो अत्यंताभाव. आणि घट म्हणजे पट नव्हे, हा अन्योन्याभाव. नैयायिक आणखी एक शिस्त पाळतात. नुसतं ‘नाही’ म्हणून ते थांबत नाहीत. कशाचा अभाव, आणि कुठे? ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव ते अधिकरण. ही दोन टोकं सांगितल्याशिवाय अभावाचं ज्ञान पुरं होत नाही.

आता बघा, ही शिस्त लॅपटॉपला लावली तर काय होतं. एका निवृत्त शिक्षिकेची हकीगत सांगतो. त्यांच्याकडे विंडोज 7 होम बेसिक असलेला जुना लॅपटॉप आहे. तो फार मंद झाला म्हणून भाच्याने डिस्क फॉरमॅट केली आणि विंडोज होतं तेच पुन्हा टाकलं. नंतर त्यांनी यजमानांच्या निवृत्ती समारंभाची डीव्हीडी लावली, तर चित्रही नाही आणि आवाजही नाही. यजमान आता हयात नाहीत, आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड झालेली ती एवढीच तबकडी. बाईंनी ठरवून टाकलं की तबकडी खराब झाली. त्या ती रद्दीत टाकायला निघाल्या होत्या!

तबकडीला काहीही झालेलं नव्हतं. बाईंनी अभाव अचूक ओळखला, पण त्याचं अधिकरण चुकवलं. उणीव तबकडीत नव्हती, लॅपटॉपमध्ये होती. कशी, ते सांगतो.

प्लेयर म्हणजे डीकोडर नव्हे

डीव्हीडीवरचं चित्र साधारणपणे एमपीईजी-2 नावाच्या पद्धतीने आवळून भरलेलं असतं. ते उलगडणारा जो छोटा प्रोग्रॅम, तो डीकोडर. पडद्यावर खिडकी उघडणारा, बटणं दाखवणारा तो प्लेयर. घट म्हणजे पट नव्हे, तसं प्लेयर म्हणजे डीकोडर नव्हे. विंडोज मीडिया प्लेयर समोर उघडतो, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं जागेवर आहे. पण आत उलगडणाराच नसेल, तर तो तरी काय करणार?

विंडोज एक्सपीमध्ये डीव्हीडीचा डीकोडर मुळात नव्हताच. विंडोज 7 मध्ये तो होम प्रीमियम आणि त्यावरच्या आवृत्त्यांत होता, पण स्टार्टर आणि होम बेसिकमध्ये नव्हता. आपल्याकडे तर होम बेसिक असलेले लॅपटॉप भरपूर विकले गेले. 2012 साली विंडोज 8 आलं, तेव्हा डीव्हीडी लावण्याची सोय मूळ विंडोजमधून काढूनच टाकली. कारण आर्थिक होतं. अशा डीकोडरसाठी पेटंटधारकांना दर प्रतीमागे पैसे द्यावे लागत, आणि तबकडीची खाच नसलेले लॅपटॉप वाढत चालले होते.

मग इतकी वर्षं डीव्हीडी लागत होती ती कशाच्या जोरावर? लॅपटॉपबरोबर आलेल्या पॉवरडीव्हीडी, विनडीव्हीडी अशा सॉफ्टवेअरच्या जोरावर. लॅपटॉप बनवणारी कंपनी ते सॉफ्टवेअर भरून द्यायची आणि डीकोडर त्यातूनच यायचा. आपण ते फुकटचं, जागा अडवणारं म्हणून बघायचो. फॉरमॅट केल्यावर कळतं की त्याचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच गेलेले होते.

म्हणजे त्या बाईंच्या लॅपटॉपवर एकदम दोन अभाव होते. विंडोजमध्ये डीकोडरचा अत्यंताभाव, तो तिथे कधीच नव्हता. आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरचा प्रध्वंसाभाव, ते होतं आणि पुसलं गेलं. पहिल्यावर ‘विंडोज पुन्हा एकदा टाकून बघू’ हा उपाय दहा वेळा केला तरी चालणार नाही. काम करायचं ते दुसऱ्यावर.

पुसलं काय, उरलं काय

बरोबर आलेल्या सॉफ्टवेअरचे तीन घटक धरा. पहिला, त्याच्या फाइली. दुसरा, यंत्राशी त्याचं बोलणं जमवून देणारे ड्रायव्हर. तिसरा, ते वापरण्याची परवानगी, म्हणजे लायसन्स. फॉरमॅटने पहिले दोन जातात. तिसरं जात नाही, कारण तो हक्क डिस्कवर राहतच नाही, तो त्या लॅपटॉपला चिकटलेला असतो. जाऊ शकतो तो हक्काचा पुरावा, म्हणजे सॉफ्टवेअरची की आणि आवृत्तीचा क्रमांक. विंडोजच्या बाबतीत हे स्वच्छ दिसतं. विंडोज 7 च्या काळात की लॅपटॉपच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर असायची. विंडोज 8 पासून कंपन्या ती मदरबोर्डवरच्या चिपमध्येच ठेवू लागल्या, त्यामुळे डिस्क पुसली तरी विंडोज आपली ओळख पटवून घेतं.

डीव्हीडी ड्राइव्हचंही असंच आहे. जग डीव्हीडीच्या विभागांत वाटलेलं आहे. भारत विभाग 5 मध्ये, अमेरिका विभाग 1 मध्ये. ड्राइव्हचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो, आणि ती मोजणी ड्राइव्ह स्वतःच्या पोटात ठेवतो. अमेरिकेतून मुलाने आणलेल्या तबकड्यांसाठी विभाग आलटून पालटून बदलणाऱ्यांनी लक्षात ठेवा, फॉरमॅट केल्याने ही मोजणी शून्यावर येत नाही.

दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही

आता परत आणायचं ते कुठून? इथे भाट्ट मीमांसकांना हाक मारू. ‘न दिसणं’ हे अभावाच्या ज्ञानाचं साधन आहे असं ते मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर दिसली असती. उजेडात मोकळ्या जमिनीवर घडा दिसला नाही, तर तिथे घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच ठरत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

बऱ्याच कंपन्या डिस्कचा एक भाग राखून ठेवतात. त्यात लॅपटॉप कारखान्यातून निघाला तसा साठवलेला असतो, बरोबरच्या सॉफ्टवेअरसकट. हा रिकव्हरी विभाग बहुधा लपवलेला असतो. ‘माय कॉम्प्युटर’ उघडून तुम्ही म्हणता, नाही बुवा दिसत. पण तिथे तो असता तरी दिसला नसता! म्हणून डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी ड्राइव्हच्या शेजारी नाव नसलेला, काही जीबींचा वेगळा तुकडा दिसला, तर आशा आहे. फक्त सी फॉरमॅट केला असेल तर हा विभाग बहुधा शाबूत असतो. नव्याने विंडोज टाकताना सगळेच विभाग पुसले असतील तर तोही गेला.

शाबूत असेल तर लॅपटॉप सुरू होताना ठराविक बटण दाबून तिथे जाता येतं. एचपीवर एफ11, एसरवर ऑल्ट आणि एफ10, असूसवर एफ9. पण थांबा. पूर्ण रिकव्हरी केली की सी ड्राइव्ह पुन्हा पुसला जातो, म्हणून आधी आपल्या फाइली बाहेर काढून ठेवा. एचपीच्या रिकव्हरी मॅनेजरमध्ये एकेक सॉफ्टवेअर निवडून टाकायचीही सोय असे. ती मिळाली तर तीच वापरा.

विभाग नसेल तर लॅपटॉप घेताना मिळालेल्या किंवा तुम्ही स्वतः बनवलेल्या रिकव्हरी तबकड्या शोधा. त्याही नसतील तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल किंवा सिरियल नंबर टाकून यादी बघा. ड्रायव्हरबरोबर मीडिया सॉफ्टवेअरही कधी कधी तिथे मिळतं. मात्र तिथे ‘अपडेट’ लिहिलेली फाइल असेल तर ती एकटी कामाची नाही. आधी मूळ आवृत्ती बसलेली असावी लागते.

क्रम महत्त्वाचा

सापडलेल्या गोष्टी कशाही क्रमाने टाकायच्या नसतात. आधी विंडोज, मग चिपसेटचे ड्रायव्हर, मग ग्राफिक्स, मग आवाजाचे, आणि शेवटी मीडिया सॉफ्टवेअर व त्याचे अपडेट. कारण साधं आहे. काही प्लेयर बसताना यंत्राची चौकशी करतात आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसला की अडून बसतात.

क्रम उलटा असल्याचं एक उदाहरण सांगतो. 2005 नंतरच्या काही वर्षांत डेलच्या लॅपटॉपवर मीडियाडायरेक्ट नावाचं बटण असे. विंडोज सुरू न करता ते थेट गाणी-सिनेमा लावायचं, कारण त्याचा स्वतःचा लपलेला विभाग होता. तिसऱ्या आवृत्तीत आधी मीडियाडायरेक्टच्या तबकडीने डिस्कचे विभाग पाडायचे, मग विंडोज टाकायचं, आणि मग विंडोजमध्ये मीडियाडायरेक्ट बसवायचं, अशी रीत होती. पहिली पायरी गाळली तर ते बटण पूर्वीसारखं चालत नसे. अजून असा लॅपटॉप कुणाकडे असेल, तर फॉरमॅट करण्यापूर्वी ती तबकडी हाताशी आहे ना, हे पाहा.

आणि मूळ सॉफ्टवेअर कुठेच सापडलं नाही तर? त्या बाईंच्या बाबतीत तसंच झालं. तेव्हा व्हीएलसी टाकलं, आणि तबकडी सुरू झाली. व्हीएलसीचा उगम 1996 मधल्या पॅरिसच्या एकोल सांत्राल इथल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे. 2001 पासून ते मुक्त परवान्याखाली मिळतं, आणि डीकोडर ते स्वतःबरोबरच आणतं, विंडोजकडे मागत नाही. 2022 मध्ये काही महिने त्याचं संकेतस्थळ भारतात उघडत नव्हतं. नोव्हेंबरात ते पुन्हा सुरू झालं. उतरवून घ्यायचं ते तिथूनच, मिळत्याजुळत्या नावांच्या जागांवरून नको.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, माझ्या नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाचच नाही. मला याचा काय उपयोग?*

उणीव तीच, फक्त तिचं नाव बदललं. मुलीने आयफोनवर काढलेला व्हिडिओ विंडोज 10 वर उघडत नाही, कारण तो एचईव्हीसी पद्धतीने आवळलेला असतो. त्याचा डीकोडर विंडोजमध्ये सरसकट येत नाही, काही कंपन्या तो लॅपटॉपबरोबर देतात. फॉरमॅटनंतर आवाज बारीक, पोकळ वाटत असेल, तर कंपनीचा आवाजाचा ड्रायव्हर आणि त्याच्या सोबतचं ॲप राहिलं आहे का ते बघा. विंडोजचा साधा ड्रायव्हर चालतो, पण त्या स्पीकरसाठी केलेली जुळवणी त्यात नसते.

*प्रश्न: आमच्याकडे मीडिया प्लेयरच नाही. विंडोज तर अस्सल आहे.*

आवृत्तीच्या नावाशेवटी इंग्रजी ‘एन’ आहे का ते पाहा. 2004 साली युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला 49.7 कोटी युरो दंड केला आणि प्लेयर नसलेलं विंडोजही विकायला लावलं. विंडोजच्या जोडीने प्लेयर गळ्यात मारल्यामुळे इतर प्लेयरवाल्यांवर अन्याय होतो, असा आक्षेप होता. ‘एन’ आवृत्ती हे त्याचं फळ. तिच्यासाठी मीडिया फीचर पॅक वेगळा टाकावा लागतो, तो विनामूल्य आहे.

*प्रश्न: सॉफ्टवेअरचे पैसे मी लॅपटॉपबरोबर दिलेलेच आहेत. मग क्रॅक केलेली प्रत उतरवली तर काय बिघडलं?*

प्रश्न चांगला आहे, थोडं थांबून उत्तर देतो. तुमचा हक्क आहे, हे मान्य. पण कशावर आहे? त्या लॅपटॉपसाठी दिलेल्या त्या आवृत्तीवर. बाजारात विकली जाणारी पूर्ण आवृत्ती ही दुसरी वस्तू आहे. घट म्हणजे पट नव्हे, इथेही तेच. आणि व्यवहाराचं बोलायचं तर कुलूप फोडून देणाऱ्याने आत आणखी काय ठेवलं आहे, हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. आधी कंपनीकडे सिरियल नंबर देऊन मागा. जुन्या मॉडेलसाठी नकार मिळू शकतो. मिळाला तर व्हीएलसी आहेच.

*प्रश्न: फोटो गेले असतील तर?*

ते मात्र गंभीर आहे. सॉफ्टवेअरच्या प्रती जगात हजारो असतात, तुमच्या फोटोंची कदाचित एकच. झटपट फॉरमॅटमध्ये डिस्कवरची अनुक्रमणिका जाते, मजकूर काही काळ तिथेच असतो. तेव्हा ध्वंस अजून पुरता झालेला नाही. त्या डिस्कवर नवं काहीही टाकू नका, लॅपटॉप बंद करा आणि जाणकाराकडे न्या. पूर्ण फॉरमॅट केला असेल किंवा डिस्क एसएसडी असेल, तर आशा फार कमी, कारण एसएसडी मोकळी झालेली जागा लवकरच खरोखर पुसून टाकते. म्हणून फॉरमॅटच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी करा. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि तिथून उघडून बघा. रिकव्हरी तबकड्या किंवा पेन ड्राइव्ह बनवा. मॉडेल, सिरियल नंबर आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची की कागदावर लिहा. कागद लॅपटॉपच्या पिशवीत नको, घरच्या कपाटात ठेवा.