बिनतारेचं घर (लेखांक १७) : राखेचा डबा

गेल्या रविवारी बॅटरीपाशी थांबलो होतो. पॅनेल छपरावर चढलं होतं, वायर खाली आली होती आणि बॅटरीत पाणी कधी, कसलं आणि किती घालायचं ते आज सांगणार होतो. ते राहू दे. बार्शीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे आणि त्यातल्या एका प्रश्नाभोवतीच माझा सबंध आठवडा गेला.

त्या लिहितात, “चुलीवरचे तुमचे लेख वाचून आम्ही परसात चूल मांडली. आंघोळीचं पाणी आणि भाकऱ्या तिच्यावरच होतात. राख वाया जाऊ नये म्हणून मी ती गुलाबाला आणि जास्वंदीला घालते. दोन महिन्यांत कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. तुम्ही तर राखेचं इतकं कौतुक करता. मग माझं कुठं चुकलं?”

ताई, चुकलं माझं. मी संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी तांबड्या मातीवर बसून लिहितो आणि ‘राख झाडांना चांगली’ असं सरसकट लिहून गेलो. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तो मातीतला चुना, पोटॅश सगळं धुऊन समुद्राला नेतो आणि मागे आंबट माती उरते. अशा मातीला राख म्हणजे पथ्याचं औषध. बार्शीकडे पाऊस कमी, माती काळी, खणली की चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. ती माती मुळातच अल्कलीकडे झुकलेली. तिच्यात राख घातली की ती आणखी झुकते आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोह न मिळाल्याचीच खूण. राख ताबडतोब बंद करा, चांगलं कुजलेलं शेणखत घाला, पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर तेच द्या. नवी पालवी हळूहळू हिरवी येईल. आपली माती कुठल्या बाजूची हे पाहायचं असेल तर चिमूटभर कोरड्या मातीवर लिंबू पिळा. फसफसली तर तिच्यात चुना आहे, राखेला तिथं काम नाही.

मग बार्शीतल्या चुलीच्या राखेचं करायचं काय? या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत मावणार नव्हतं, म्हणून आजचा लेखांक राखेचा.

इथं राहायला आलो त्या पहिल्या वर्षी मी रोज सकाळी चूल साफ करून राख पऱ्ह्यात फेकत असे. नीटनेटकेपणाचा शहरी हात. एकदा वरच्या वाडीतल्या काकी गवताचा भारा घेऊन जाताना थांबल्या. “राख टाकलीस?” म्हणाल्या, “आणि भांडी कशानं घासणार? वाल कशात ठेवणार?” त्या संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या पडवीतले राखेचे डबे दाखवले. तेलाचे जुने पत्र्याचे डबे, वर झाकण, खाली दोन विटा. एकात नुसती लाकडाची राख, पिठासारखी चाळलेली. दुसऱ्यात शेणीची. तिसऱ्यात भाताच्या तुसाची, काळपट-करडी, हातात घेतली तर रवाळ लागणारी. तीन राखा, तीन कामं. मला तोवर राख म्हणजे राख एवढंच माहीत होतं.

वाळलेलं लाकूड नीट जळलं तर त्याच्या वजनाच्या एक-दोन टक्केच राख मागे राहते. माझी चूल दिवसाला पाच-सहा किलो लाकूड खाते, म्हणजे वर्षाची राख तीसेक किलो, तेलाचे चार डबे. उलट तूस जाळलं तर जवळजवळ पाचवा हिस्सा राख उरते आणि ती बहुतेक सगळी सिलिका, म्हणजे वाळूची सख्खी बहीण. घासायला उत्तम, खताला जवळपास निरुपयोगी. लाकडाच्या राखेत सगळ्यात जास्त चुना, मग पोटॅश, थोडंसं फॉस्फरस. नत्र मात्र अजिबात नाही, ते धुराबरोबर गेलेलं असतं. आणि पोटॅश पाण्यात चटकन विरघळतं. एक सर डब्यात शिरली की राख दिसायला तीच राहते, पण तिचा जीव वाहून गेलेला असतो. काकींच्या डब्यांखालच्या विटा आणि वरचं झाकण त्यासाठी होतं.

भांड्यांचं आधी सांगतो, कारण रोजचं काम तेच. ओल्या राखेचं पाणी दोन बोटांत चोळून पाहा, बुळबुळीत लागतं. हा अल्कलीचा स्पर्श. भांड्यावरचं तेल आणि राखेतली अल्कली एकत्र आली की तिथल्या तिथे थोडासा साबणच तयार होतो, आणि राखेचे बारीक कण घासायचं काम करतात. नारळाचं सोडण, चिमूटभर राख, दोन ओंजळी पाणी, बस. माझ्याकडे फेब्रुवारीपासून पाणी मोजून वापरावं लागतं. साबणाचा फेस धुवायला जेवढं पाणी लागतं त्याच्या निम्म्यात राख निघते, आणि ते पाणी तसंच केळीच्या आळ्यात जातं. तांब्यापितळेला मात्र आधी चिंच किंवा आमसूल, राख नंतर, चकाकीपुरती. अ‍ॅल्युमिनियमला राख लावू नका. अल्कली त्या धातूवरचा संरक्षक पापुद्रा खाते आणि पातेलं काळवंडतं. आमच्याकडची एक नवीकोरी कढई मी अशीच घालवली. आणि राखेनं दात घासण्याची जुनी सवय कुणाला असेल तर ती सोडा. जी राख पितळ घासते ती दाताचं कवचही घासते.

अल्कली हा शब्द मूळचा अरबी, ‘अल्-कली’, म्हणजे वनस्पती जाळून उरलेली राख. पोटॅश म्हणजे सरळ ‘भांड्यातली राख’. लाकडाच्या राखेतून पाणी झिरपवायचं आणि ते लोखंडी भांड्यात आटवायचं, खाली पांढरा क्षार उरतो, त्यावरून पडलेलं नाव. १८०७ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी याच पोटॅशच्या संयुगातून विजेच्या साहाय्यानं एक धातू वेगळा केला, त्याला पोटॅशियम म्हणू लागले. त्याची रासायनिक खूण ‘के’ ही कॅलियमवरून, आणि कॅलियम पुन्हा त्या अरबी राखेवरून. अमेरिकेनं १७९० साली आपलं पहिलं पेटंट दिलं ते कसल्या यंत्राला असेल असं वाटतं? राखेपासून पोटॅश काढण्याच्या सुधारित रीतीला. साबण, काच, कापड, सगळ्यांना ते लागायचं. आपल्याकडे वैद्यांनी हीच रीत आघाड्याच्या राखेवर केली. भगंदरावरच्या उपचारातल्या क्षारसूत्राच्या दोऱ्याला जो क्षार लावतात तो आघाड्याचाच.

पण मला राखेचं सगळ्यात आवडतं काम रसायनाचं नाही. ते विस्तव जपण्याचं आहे.

काडेपेटी पावसाळ्यात किती दगा देते हे इथं आल्यावर कळलं. आषाढात गुलाची दारूच ओलसर होते, काडी घासली की डोकं निघून येतं. काकींच्या घरी मात्र चूल रोज काडीशिवाय पेटते. रात्री शेवटचं दूध तापलं की त्या ऐनाचा किंवा खैराचा जाड निखारा चुलीच्या मागच्या कोपऱ्यात ओढतात, त्यावर अर्धी शेणी ठेवतात आणि वर ओंजळ-दोन ओंजळी बारीक राख पसरून हलक्या हातानं थापतात. राख उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि हवा जेमतेम आत सोडते. निखारा विझतही नाही आणि भडकतही नाही, रात्रभर स्वतःला जरा-जरा खात पडून राहतो. पहाटे राख बाजूला सारली की आत लाल डोळा. वाळल्या झावळीची चूड लावायची, फुंकणीनं चार फुंका, झाला जाळ. हे मला जमायला पहिला पूर्ण पावसाळा गेला. आधी मी आंब्याचं लाकूड वापरायचो. त्याचा निखारा मऊ, मध्यरात्रीच संपायचा. मग राख फार जाड घालायचो, निखारा गुदमरायचा. शेवटी हाताला कळलं: राख इतकीच, की वर तळहात धरला तर ऊब लागावी, पण लाली दिसू नये.

संस्कृत कोशात ‘रक्षा’ या शब्दाच्या अर्थांत ‘राख’ हाही अर्थ दिलेला आहे, सांभाळणारी वस्तू म्हणून. आपण आजही रक्षाविसर्जन म्हणतो. चुलीपुढे बसून निखारा झाकताना तो शब्द मला अगदी जवळचा वाटतो.

आणि फुफाटा! म्हणीपुरताच उरलेला हा शब्द आमच्या घरात रोज चालतो. निखारे अर्धे विझल्यावर जी गरम राख उरते तिच्यात रताळी आणि करांदे पुरायचे, वर पुन्हा राख. पाऊण तासात साल करपते, आतला गर मात्र मेणासारखा होतो. याला वेगळं सरपण लागत नाही. भात शिजवून उरलेल्या उष्णतेत रात्रीचं जेवण होतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना मी रोडग्यांचं काय सांगावं, गोवऱ्यांच्या आरावर ते त्यांच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होतात.

विस्तव जपणारी राख जाळूही शकते, हे सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी चुलीतली राख, थंड झाली असं समजून, मी गोणपाटाच्या पोत्यात भरली आणि पडवीत सरपणाला टेकवून ठेवली. तिसऱ्या दिवशी पहाटे धुराच्या वासानं जाग आली. पोत्याचा तळ जळून गेला होता आणि शेजारचं लाकूड धुमसत होतं. हाताला थंड लागणाऱ्या राखेच्या पोटात सुपारीएवढा निखारा तीन दिवस जिवंत राहिला होता. तेव्हापासून राख आधी उघड्या घमेल्यात, घरापासून लांब, चार-पाच दिवस. मग चाळायची, कोळशाचे तुकडे वेगळे काढायचे आणि मगच पत्र्याच्या डब्यात. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक चुलीत गेलं असेल तर ती राख कुठल्याच कामाला घ्यायची नाही. त्यात शिसं आणि इतर विषं येतात.

आता वाल. कडधान्याला भुंगेरा लागतो तो बाहेरून येऊन दाण्यावर अंडी घालतो. अळी दाण्यात शिरते आणि पोखरून भुंगेरा होऊन बाहेर पडते. बारीक चाळलेल्या राखेत दाणे मिसळले की दाण्यांमधल्या फटी भरून जातात, भुंगेऱ्याला फिरायला आणि अंडी घालायला जागा मिळत नाही. शिवाय त्याच्या अंगावर मेणाचा पातळ लेप असतो, तो राखेच्या कणांनी खरवडला जातो आणि किडा आतलं पाणी गमावून सुकून मरतो. विष लागतच नाही. काकींचं प्रमाण एक पायली वालाला अर्धी पायली राख, आणि वर दोन बोटं राखेचा थर. माझं तेच. दाणे आधी कडक उन्हात वाळवलेले हवेत, नाहीतर राख ओल ओढून घेते आणि बुरशी येते. बियाण्यासाठी ही रीत फार चांगली, माझे वाल पुढच्या वर्षी जोमानं उगवतात. खायचे वाल काढताना चाळून दोनदा धुतले की झालं. बार्शीच्या ताई, तुमच्याकडच्या तुरीला आणि चवळीला ही राख वापरा. मातीला नको असलेली राख धान्याला हवी आहे.

वेलांवरही ती चालते, पण पानांवर. सकाळी दव असताना काकडी-भोपळ्याच्या कोवळ्या पानांवर फडक्यातून भुरभुरली की लाल भुंगेरे कमी येतात. पाऊस पडला की पुन्हा. खतात मिसळताना युरिया किंवा ताजं शेण यांच्याबरोबर कधीच नको. अल्कलीमुळे त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, नाकाला लगेच कळतं.

कोकणातलं राखेचं सगळ्यात मोठं काम म्हणजे राब. भाताची दाढ, म्हणजे रोपं, टाकायच्या जागेवर शेण, कवळ, पाला, गवत यांचे थर देऊन वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात ते भाजायचं. तण मरतं, राख मिळते, रोप सशक्त येतं. या कवळासाठी फांद्या तोडायच्या की नाही यावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत शेतकरी आणि जंगल खातं यांचा तंटा इतका वाढला, की १८८५ साली मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. शेतकऱ्याची बाजू मला पुरती समजते, तरी मी राब सोडला आहे. गुंठाभर दाढीसाठी ऐन-किंजळांची जेवढी पालवी उतरवावी लागते ती मला परवडत नाही, त्याच झाडांनी माझा झरा धरून ठेवला आहे. मी दाढीवर चाळलेली चुलीची राख आणि कुजलेलं खत पसरतो आणि तण हातानं काढतो. कष्ट जास्त आहेत.

शेवटचं, कोरड्या संडासाचं. त्यावर नवव्या लेखांकात लिहिलं आहे, इथं राखेपुरतं. १९५०च्या दशकात उत्तर व्हिएतनाममध्ये दोन कप्प्यांचे संडास पसरले, त्यांत चुलीची राखच टाकत. राख ओल शोषते, वास दाबते आणि अल्कलीमुळे जंतूंना जगणं अवघड होतं. पण हिशेब करा. दोन माणसं, प्रत्येक वेळी वाटीभर राख, म्हणजे महिन्या-सव्वा महिन्यात डबा रिकामा, आणि वर्षाचे डबे आहेत चार. म्हणून मी एक भाग लाकडाची राख आणि दोन भाग गिरणीवरच्या तुसाची राख वापरतो. ती कमी पडली तर उन्हात वाळवलेली चाळलेली माती.

बॅटरीचं पुढच्या रविवारी नक्की. तिचीही राखेशी ओळख आहे. मागच्या मे महिन्यात बॅटरी हलवताना तिच्यातलं ॲसिड पडवीच्या शहाबादी फरशीवर सांडलं. हातमोजे चढवले आणि अर्धा डबा राख त्यावर ओतली. ती उकळल्यासारखी फसफसायला लागली, बुडबुडे येत राहिले, मी अजून ओंजळ-ओंजळ टाकत गेलो. फसफस थांबली तेव्हा झाडूनं सगळं भरून घेतलं आणि फरशी धुतली. तिथं आता पांढुरका डाग आहे, ताटाएवढा.