नॉट आणि सागरी मैल: समुद्रावर किलोमीटर का चालत नाही?

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्रातल्या वादळाची बातमी इथल्या फोनवरही येते, आणि त्यात 'नॉट' आणि 'सागरी मैल' हे शब्द हमखास असतात. ते किलोमीटर समजून वाचले तर अंदाज जवळपास निम्म्याने चुकतो.

एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. रस्त्यावरचा जुना मैल १,६०९ मीटरचा होता, तो वेगळा. १,८५२ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो पृथ्वीच्या मापातून आला आहे. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ९० अक्षांश आणि प्रत्येक अंशाची ६० मिनिटं. अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं अंतर म्हणजे एक सागरी मैल. पृथ्वी अगदी गोल नसल्याने हे अंतर जागेनुसार किंचित बदलतं. म्हणून १९२९ मध्ये मोनॅकोतल्या परिषदेत १,८५२ मीटर हा आकडा पक्का झाला.

फोनवरच्या नकाशात हिंगणीचा अक्षांश बघा, जवळपास २१ अंश दिसेल. २१ गुणिले ६०, म्हणजे विषुववृत्त इथून साधारण १,२६० सागरी मैलांवर. खलाशीही हेच करतो. सागरी नकाशावरचं अंतर कर्कटकात धरायचं, कडेच्या अक्षांशाच्या पट्टीवर ठेवायचं आणि मिनिटं मोजायची.

नॉट म्हणजे खरंच गाठ

पूर्वी जहाजावरून दोरीला बांधलेली फळी पाण्यात टाकत. दोरीला साधारण १४.४ मीटरवर एकेक गाठ असे. २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात हातातून जितक्या गाठी सरकतील, तितके नॉट वेग. गणित करून बघा: १४.४ मीटर २८ सेकंदांत, म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. बरोबर एक सागरी मैल! त्यामुळे 'ताशी ५० नॉट' हे बातम्यांत सर्रास दिसत असलं तरी चूकच. तास नॉटमध्येच आलेला असतो.

वादळाच्या बातमीतला ताशी ६२-६३ किलोमीटरचा अडनिडा आकडाही इथूनच येतो. वारा ३४ नॉटवर गेला की हवामान विभाग त्याला चक्रीवादळ म्हणतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग'चा वारा ताशी ११० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ६० नॉट होता.

१२ मैलांची रेषा

मच्छीमारांसाठी या एककावर पोट अवलंबून आहे. महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा किनाऱ्यालगतच्या १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे २२.२ किलोमीटरपर्यंत लागू होतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचा पट्टा केंद्राच्या अखत्यारीत. '१२' चा अर्थ किलोमीटर घेतला, तर १० किलोमीटर रुंदीचा पट्टा हिशेबातूनच गळतो. परवाना नसलेली नौका किनाऱ्यापासून १५ किलोमीटरवर सापडली, तर ती राज्याच्या हद्दीत आहे. १५ सागरी मैलांवर असेल, तर नाही. खोलीसाठी मात्र कोळीबांधवांचं माप आजही 'वाव', म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं, साधारण सहा फूट. आणि ८ नॉटने निघालेल्या नौकेला ती १२ मैलांची रेषा गाठायला दीड तास लागतो.